मीठ-पावाचे शास्त्रीबुवा

जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या प्रत्येक कंपूत एक शास्त्रीबुवा असतात. वय तिशीचं, टी-शर्टवर लांडगा. रक्तपाताचं त्यांना वावडं नाही. कुणाचं मुंडकं उडालं तरी हातातला चहा हिंदकळत नाही. 'रेड वेडिंग'चा विषय निघाला, की मात्र बुवा मांडी ठोकून बसतात.

'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' (2000) मधलं हे लग्न. रॉब स्टार्कने फ्रे घराण्यातली मुलगी करायचं वचन मोडलं, म्हणून भरपाईदाखल त्याचा मामा त्या घरचा जावई होतोय. म्हातारा वॉल्डर फ्रे पाहुण्यांना आधी मीठ-पाव देतो, म्हणजे आपल्या छपराखाली अभय देतो, मग जेवायला घालतो आणि मग वाजंत्री म्हणून बसवलेल्या तिरंदाजांकडून त्यांना टिपतो.

"वचन आधी रॉबनेच मोडलं ना?" कुणीतरी विचारतंच.

"मोडलं! पण पाव कुणी वाढला?"

त्या पंगतीत सलगमाचा लगदा पानात पडेपर्यंत गार झाला होता, हेही बुवा आरोपपत्रात घालतात. लग्नातलं गार जेवण म्हटल्यावर काठावरचे श्रोतेही फ्रेच्या विरोधात जातात.

पुरावे स्कॉटलंडहून येतात. 1440 मध्ये एडिंबराच्या किल्ल्यात दहा वर्षांच्या राजाच्या पंगतीला बोलावून डग्लस घराण्यातल्या दोन कोवळ्या भावांना मारलं. 1692 मध्ये ग्लेनकोत सैनिकांनी मॅकडोनल्डांच्या घरी दहा-बारा दिवस पाहुणचार झोडला आणि एका पहाटे यजमानांनाच कापून काढलं. पहिल्यात यजमान दोषी, दुसऱ्यात पाहुणे. मार्टिनने दोन्हींतून उचललं.

मग कादंबरीतल्याच दंतकथेतला 'रॅट कुक'. या आचाऱ्याने राजपुत्राला मारून त्याच्या बापालाच खाऊ घातलं. देवांनी शाप दिला तो खुनाबद्दल नाही, नरमांसाबद्दलही नाही, पाहुणा मारल्याबद्दल. बुवांना असे देव पटतात.

स्टार्कांचा सरदार लॉर्ड मँडर्ली हे त्यांचं दैवत. त्याच्याकडे उतरलेल्या तीन फ्रेंना निघताना एकेक घोडा भेट मिळतो आणि वाटेत तिघेही गायब होतात. पुढे फ्रेंच्या कटातले साथीदार असलेल्या बोल्टनांकडच्या लग्नात मँडर्ली तीन अवाढव्य मीट-पाय घेऊन हजर! स्वतः पुन्हा पुन्हा वाढून घेतो आणि गवयाकडे 'रॅट कुक'च्या गाण्याची फर्माईश करतो. आत काय होतं, हे मार्टिनने स्पष्ट लिहिलेलं नाही. बुवांना शंका नाही. निरोपाची भेट दिली, पाहुणचार संपला, मँडर्ली निर्दोष.

वास्तविक फ्रेचा संताप येतो तो निर्धास्त जेवणाऱ्यांना मारल्याचा, आणि भेटीच्या घोड्यावर बसून निघालेले ते तिघेही निर्धास्तच होते. पण हे बुवांना सांगायची सोय नाही.

"आणि ज्यांनी ते पाय खाल्ले, त्यांचं काय?"

"ते बोल्टनांचे पाहुणे. बोल्टनांनी बघावं."