ब्रूमास्तर

ब्रूमास्तरांना बिअर चढत नाही, बिअर बनवायचं सामान चढतं. पार्टीत अर्धा ग्लास घेऊन हा माणूस अख्खी संध्याकाळ काढतो, पण स्टेनलेस स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह समोर आला की नजर हळवी होते, आवाज खाली येतो आणि तो विचारतो, "तीनशेचार ग्रेड आहे का हो?"

वाळूज एमआयडीसीत शिफ्ट इनचार्ज, गारखेड्यात तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, गॅलरीत एकेकाळचा सोलर कुकर, त्यात आता कांदे. सोसायटीची मोटार बिघडली की प्लंबरच्या आधी यांना फोन. हा नमुना संभाजीनगरात गल्लीगणिक सापडतो, फक्त प्रत्येकाचं खूळ वेगळं. आमच्या मास्तरांना बिअरचं लागलं ते पुण्यात, एका मायक्रोब्रुअरीत. मित्र प्यायले; हे काचेपलीकडच्या टाक्यांना लावलेले गेज वाचत बसले. आता ज्या गावच्या एमआयडीसीतून ट्रकच्या ट्रक भरून बिअर बाहेर पडते, त्या गावात घरी वीस लिटर बनवायची म्हणजे पैठणला राहून चादरीला जरीकाठ विणत बसण्यातली गत. पण हे त्यांना सांगणार कोण? सांगितलं तर ते वही काढून हिशेब दाखवतात.

खरेदीपासूनच गंमत. बिअरला जव लागतात म्हणून मास्तर जुन्या मोंढ्यात गेले. दुकानदारानं दहा किलोची मागणी ऐकून हात जोडले आणि विचारलं, "यज्ञ मोठा दिसतोय. गुरुजी कुठले?" जवाबरोबर तीळ, समिधा आणि कापूरही त्यानं आपणहून बांधून दिला. मास्तरांनी तो घेतला. नको म्हणालो तर कारण सांगावं लागेल, ही भीती. तांब्याच्या नळीसाठी भंगारवाल्याकडे गेले तर त्यानं नळीकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साब, ये कूलर का काम नइ दिखता. भट्टी-वट्टी तो नइ ना?" मास्तर दुखावले. भट्टी दारू गाळते, बिअर आंबवतात, ही नळी तर उकळता रस थंड करायची, असं त्यांनी अर्धा तास समजावलं. त्यानं भाव वाढवला.

मग सामान घरात आलं. पन्नास लिटरचं, खाली तोटी बसवलेलं पातेलं स्वयंपाकघरात मावेना म्हणून दिवाणखान्यात आलं आणि त्यावर टीव्हीचा रिमोट राहू लागला. वीस लिटरचा आंबवण्याचा जार बाथरूममध्ये, त्यामुळे पाहुण्यांना आंघोळीआधी तो उचलून बाहेर ठेवावा लागे. जवाला मोड आणून ते गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घातले, तेव्हा अर्धे पारव्यांनी नेले. उरलेले भरडून, सहासष्ट अंश तापमानाच्या पाण्यात तासभर मुरवायचे होते. दोन अंश इकडे-तिकडे झालं की पिष्टाची साखर नीट होत नाही म्हणे. उष्णता धरून ठेवायला परदेशी जॅकेट मिळतं. मास्तरांनी आईची वाकळ गुंडाळली.

आई म्हणजे या घरातली खरी तज्ज्ञ. जन्मभर उन्हाळ्यात तिनं कुरडयांसाठी गहू तीन-तीन दिवस भिजवलेत, रोज पाणी बदललंय, चीक काढलाय. नातवंडांसाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व केलंय. म्हणजे माल्ट. थर्मामीटरविना. तिनं वाकळीतलं पातेलं उघडून वास घेतला आणि म्हणाली, "आरं, ह्याला एवढं कशाला लागायलंय? रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेव, सकाळी आंबील तयार. तुझं यंतर काय करायलंय मग?" मास्तरांनी आंबिलीत पीएच मीटर बुडवला, आकडा वहीत लिहिला आणि गप्प झाले.

पाण्याचं विचारू नका. उकळलेला रस झपाट्यानं वीस अंशांवर आणायचा तर तांब्याच्या नळीतून गार पाणी सतत वाहायला हवं. नाथसागर भरला तरी आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून जे येतं ते निम्मं चहाला तयार असतं. मलिक अंबरच्या नहरींचं पाणी वाहतं असताना मी जन्मलो असतो, असं मास्तर हळहळतात. एप्रिल २०१६च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्यावर आणलं होतं. मास्तरांचं तोडायला कोर्ट लागलं नाही, वहिनी पुरल्या. टँकरच्या दिवशी त्या नळीकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, "हे की मी?"

आता मुद्द्याचं. एवढं होऊनही मास्तरांनी आजवर बिअरचा एक थेंब बनवलेला नाही. कारण महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९. आपल्या राज्यात प्यायलासुद्धा परवाना लागतो, तोही कागदोपत्री प्रकृती राखण्यासाठी. मास्तरांकडे आजन्म परवाना आहे, लॅमिनेट केलेला. पण घरी बनवायची म्हणजे कलम ६५, आणि ज्या माणसानं रिकाम्या रस्त्यावरही क्रांती चौकाचा सिग्नल कधी तोडला नाही तो कलम ६५ काय तोडणार? म्हणून सगळी कृती शेवटच्या पायरीपर्यंत बिनचूक होते आणि यीस्टपाशी थांबते. यीस्टची पुडी फ्रीजच्या दारात पडून आहे. हॉप्स वहिनींनी कसुरी मेथी समजून पराठ्यांत घातले. त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोललं नाही. उरतो तो जवाचा गोड, तपकिरी रस. तो धाकटी दुधातून पिते आणि वर्गात सांगते, "आमचे बाबा घरी बिअर करतात."

त्यावरून सोसायटीचे अध्यक्ष आणि सचिव तपासणीला आले. मास्तरांनी जारवरच्या एअरलॉकपासून सुरुवात केली, पाणचक्कीच्या मातीच्या नळांवरून वक्रनलिकेवर गेले, हायड्रोमीटर तरंगवून दाखवला. अध्यक्ष दुसऱ्या कपानंतर म्हणाले, "साखर जरा कमी आहे." सचिवांचं लक्ष मात्र पातेल्यावर होतं. तोटी फिरवून बघत त्यांनी विचारलं, "गणपतीत रिकामं असतं का हो हे?"

महाप्रसादाला त्यात मठ्ठा होता. वाढप्यांना वाकावं लागलं नाही, सांडलं नाही, जो तो तोटीचं कौतुक करत होता. मास्तर झब्बा घालून, खिशात थर्मामीटर खोचून पातेल्याशेजारी उभे होते. आठ अंश, ते प्रत्येकाला सांगत होते. एका पोरानं ग्लास धरून तोटी एकदम पूर्ण फिरवली, तेव्हा मास्तर केवढ्यांदा ओरडले, "अरे, ग्लास तिरका धर! फेस येतो!"