फोर बाय फोरचे इच्छुक

पेण तालुक्यातील गडब हे मुंबई–गोवा महामार्गावरचे गाव आणि त्याच्या पश्चिमेला धरमतर खाडीपर्यंत पसरलेला खारेपाट यांच्या समाजजीवनात भातशेती करणारे, मासेमारी करणारे, कारखान्यात पाळीवर जाणारे आणि गणपतीच्या मूर्ती रंगवणारे असे जे परिचित वर्ग आहेत, त्यांत अलीकडे आणखी एका वर्गाची भर पडली आहे, तो म्हणजे जुनी फोर बाय फोर गाडी घेऊ पाहणाऱ्या इच्छुकांचा. गाडी असणे हे या वर्गाचे लक्षण नसून गाडी घ्यायची असणे हे आहे, आणि ही अवस्था काही महिन्यांपासून ते मुलीच्या दहावीपासून तिच्या पदवीपर्यंत कितीही काळ टिकू शकते.

हा इच्छुक बहुधा चाळिशी ओलांडलेला, नोकरीत स्थिरावलेला आणि घरी एक साधी, निरुपद्रवी हॅचबॅक बाळगणारा असतो. कुटुंबाच्या प्रवासाच्या गरजा पेणचा बाजार, अलिबाग, पालीचा बल्लाळेश्वर आणि रोह्याची सासुरवाडी एवढ्यात संपतात आणि त्या हॅचबॅकने भागतातही. परंतु त्याच्या मनात ओव्हरलँडिंग भरलेले असते. ओव्हरलँडिंग म्हणजे गाडीतच चूल, पाणी आणि अंथरूण घेऊन आठवडेच्या आठवडे खुष्कीने भटकणे. त्यासाठी त्याने स्पिती आणि लडाख यांची निवड केलेली असते आणि लडाखमधील उमलिंग ला या 19,024 फूट उंचीवरील खिंडीचे चित्र त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर असते. त्या खिंडीपर्यंत डांबरी रस्ता झालेला आहे, ही गोष्ट तो सहसा चर्चेत आणत नाही. घराजवळच्या महामार्गाच्या पळस्पे–इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू होऊन दशक उलटले तरी रेंगाळत राहिले, त्यामुळे गडबच्या रहिवाशांना ओव्हरलँडिंगचा सराव पाळीवर जाता-येताना आपोआपच घडला. तथापि घरापासून चार किलोमीटरवर घडणाऱ्या साहसाला साहस मानण्याची या वर्गाची तयारी नसते.

त्याचे ज्ञान मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. फोर बाय फोर गाडीत ट्रान्स्फर केस नावाची एक पेटी असते, जी गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ॲक्सलना वाटून देते, आणि तिच्यातील लो रेंज ही सोय चाकांचा वेग कमी करून जोर वाढवते, हे तो लग्नाच्या पंगतीतही, समोरच्याचा भात निवेपर्यंत, समजावून सांगू शकतो. त्यापुढे तो डिफरन्शियलवर येतो. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही रचना रस्त्यावर उपकारक, पण चिखलात घातक ठरते, कारण जे चाक सहज गरगरते तेच पुढे गरगरत राहते आणि जमीन धरून असलेले चाक स्वस्थ बसून राहते. खारेपाटाची चिकणमाती टायरच्या खाचा काही क्षणांत भरून टाकते, आणि मग रस्त्याच्या टायरांवर शेतात उतरलेली फोर बाय फोर गाडी साध्या गाडीपेक्षा बरीच आत जाऊन रुतते. बांधावरचा ट्रॅक्टरवाला हे तत्त्व कोणत्याही पुस्तकाशिवाय जाणतो आणि अंतर पाहून दर सांगतो.

गाडीची निवड हा या वर्गाचा खरा व्यवसाय होय. 1985 पासून 2018 पर्यंत बनलेली, लष्कराने नावाजलेली मारुती जिप्सी हे त्याचे पहिले प्रेम, कारण ती वजनाने जेमतेम एक टन भरते आणि चिखलावरून तरंगल्यासारखी जाते. परंतु तिच्या मागच्या आडव्या बाकड्यांवर गुडघे धरलेल्या आईला बसवण्याचा प्रस्ताव घरात एकदा मांडला गेला की तो पुन्हा मांडला जात नाही. 2010 साली आलेल्या महिंद्रा थारलाही तीच बाकडी, म्हणून तीही बाद. 2020 च्या नव्या थारची बाकडी गेली, जमिनीपासूनची उंची 226 मिलिमीटर झाली आणि ती 650 मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, हे आकडे तो मुलीच्या जन्मतारखेपेक्षा सहज सांगतो. पण तिला मागे दारे नाहीत, आणि पुढची सीट वाकवून आत शिरणे हा प्रकार आईच्या गुडघ्यांना बाकड्यांइतकाच अमान्य असतो. राहिल्या चार दारांच्या स्कॉर्पिओ आणि सफारी, ज्यांच्या अलीकडच्या फोर बाय फोर आवृत्त्यांत पुढची चाके दांडा ओढून नव्हे तर बटण फिरवून जागी होतात. दांड्याशिवाय फोर बाय फोर म्हणजे मिशीशिवाय दरोगा, असे या वर्गातील कर्मठांचे मत आहे. याहून अधिक तिरस्कार ते फक्त 2023 मध्ये आलेल्या, मागच्याच चाकांवर चालणाऱ्या थारचा करतात आणि रस्त्यात तशी गाडी दिसली की चालकाकडे सहानुभूतीने पाहतात.

प्रत्यक्ष पाहणीच्या दिवशी हा इच्छुक बॅटरी, लहान हातोडी आणि जुनी चादर घेऊन जातो, चादर अंथरून गाडीखाली शिरतो आणि चेसी, म्हणजे जिच्यावर सगळी गाडी उभी असते ती लोखंडी चौकट, ठोकून पाहतो, कारण खाडीच्या खाऱ्या हवेत गंज आतून धरतो आणि वरचा काळा रंग मात्र नवाच दिसतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का हेही तो तपासतो, कारण जुलै 2021 च्या पुरात महाड आणि चिपळूण येथे बुडालेल्या गाड्या पुढे कुठे गेल्या याचा त्याने बराच विचार केलेला असतो. परिणामी एमएच 08 हा रत्नागिरीचा क्रमांक दिसला की त्याची भुवई वर जाते. महाडची गाडी मात्र त्याच्या स्वतःच्याच एमएच 06 खाली दडलेली असू शकते, ही अडचण त्याला रात्री सुचते. विक्रेता दरवेळी गाडी डॉक्टरांनी वापरलेली आहे असे सांगतो, आणि विक्रीस आलेल्या डॉक्टरांच्या गाड्यांचा जिल्ह्यातील डॉक्टरांशी मेळ कोणत्याही शिरगणतीने बसवता येणार नाही.

दिल्लीच्या गाडीचा मोह हा स्वतंत्र विषय आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना दिल्लीत मनाई केली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या धोरणाला पाठिंबा दिला, त्यामुळे तिकडच्या धडधाकट गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. इच्छुक हिशेब मांडतो आणि हर्षभरित होतो. मग त्यात ना-हरकत दाखल्याचा फॉर्म 28, मालकीबदलाचे फॉर्म 29 आणि 30, कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म 35, महाराष्ट्राचा कर आणि पेणच्या आरटीओच्या फेऱ्या मिळवतो आणि पुन्हा गप्प होतो. या सगळ्या काळात पत्नीचा प्रश्न एकच असतो, तो म्हणजे एसी थंड करतो का, आणि नमूद केले पाहिजे की सगळ्या पाहण्यांत याच प्रश्नाने सर्वांत जास्त गाड्या बाद केल्या आहेत.

क्वचित एखादा इच्छुक खरोखरच गाडी घेतो. फोर बाय फोरची यंत्रणा वापराविना पडली तर जाम होते, म्हणून महिन्यातून एकदा ती चालवावी लागते, आणि बहुतेक जुन्या गाड्यांत पुढचे व मागचे ॲक्सल एकत्र जखडले जात असल्याने ती कोरड्या डांबरावर चालवता येत नाही, कारण वळणावर त्यांच्या गतीतला फरक जिरायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण यंत्रणेवर येतो. परिणामी दर महिन्याच्या एका रविवारी तो कुटुंबाला गाडीत बसवून खारेपाटातील बांधावर नेतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरवाला आता फोनची वाट पाहत नाही. गाडी महामार्गावरून खाली वळताना दिसली की तो जेवण आटोपते घेतो.