गाडी टाकून जा, उस्ताद बघतील

प्रति,
सन्माननीय उस्ताद,
(कोणत्याही एका गॅरेजचे नव्हेत, हमरस्त्यालगतच्या, गल्लीबोळातल्या आणि झाडाखालच्या समस्त गॅरेजांचे)
मु. पो. नशिराबाद, ता. जि. जळगाव.

विषय : मोटारसायकल परत दिल्याबद्दल आभार, व तिच्याबरोबर जे परत आले नाही त्याची विचारणा.
संदर्भ : आपला तोंडी निरोप, ‘उद्या सकाळी घेऊन जा.’

महोदय,

प्रथम आपले अभिनंदन. आपल्या गावाला राष्ट्रीय महामार्गावरचा टोलनाका लाभला आहे आणि तिथे दुचाकीला टोल माफ आहे. सरकारने सोडून दिलेली ही वसुली आपण कोणताही ठेका न घेता चालवता, याबद्दल गाव आपले ऋणी आहे. फरक एवढाच, की नाक्यावर दरफलक असतो. कारला किती, ट्रकला किती, लांबूनच वाचता येते. आपल्याकडे दर गिऱ्हाइकाच्या अंगावर लिहिलेला असतो आणि तो फक्त आपल्यालाच वाचता येतो. शर्टाला इस्त्री असली तर एक दर, गळ्यात कारखान्याचे ओळखपत्र असले तर दुसरा, आणि बायको-पोरे मे महिन्याच्या उन्हात शेजारी उभी असली तर तिसरा. जळगाव जिल्ह्यात पारा ४५ च्या घरात गेला की घासाघीस करायला कोणी थांबत नाही, हे हवामानशास्त्र आपण कुठे शिकलात?

आपल्या निदानाबद्दल तर काय बोलावे! ब्रेक लागत नाही म्हणून गाडी आणावी, आपण दोनदा रेस द्यावी, मान तिरपी करून ऐकावे आणि म्हणावे, ‘हाफ इंजिन करावं लागेल.’ धूर दिसला की ब्लॉक-पिस्टन गेलाच. आता धुराधुरातही फरक असतो, असे जाणकार सांगतात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी निळसर धुराचा एक लोट सोडून गप्प झाली, तर बहुधा व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झालेले असते. रेस दिल्यावर निळा धूर सतत येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा बघाव्या लागतात. हिवाळ्याच्या सकाळी दोन मिनिटे पांढरे काही निघाले, तर ती पाण्याची वाफ असते, तिला औषध नको. पण सील पडते स्वस्त आणि ब्लॉक पडतो महाग. स्वस्तातला आजार सांगून उस्तादपणाची अब्रू कोण घालवील?

ऑइलच्या बाबतीत आपला हात सढळ आहे, फक्त तो कोणाच्या डब्यात सढळ आहे ते कळत नाही. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना ऑइल बदलताना लिटरभराहून कमीच लागते. सीलबंद डबा आमच्यासमोर फुटावा आणि उरलेले आमच्या हातात यावे, ही आमची गावंढळ अपेक्षा. आपण मात्र आतून माप भरून आणता. त्यात कधीकधी कारचे ऑइलही निघते म्हणतात. आता मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असली, की क्लच घसरायला लागतो. पुढे गाडी चढाला ओढत नाही, आणि आपण क्लच प्लेटचे निदान करायला तयार असताच. एका ऑइलमधून दोन कामे काढणारी ही दूरदृष्टी नशिराबादेबाहेर फारशी कोणाला माहीत नाही, हे जळगाव-भुसावळचे दुर्दैव.

धुळीचेही तसेच. एका बाजूला सिमेंटचा कारखाना, दुसऱ्या बाजूला दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख वाहणारी वाहने, मधे अवजड वाहतुकीचा महामार्ग. इथल्या एअर फिल्टरचे आयुष्य कंपनीच्या पुस्तकात लिहिले आहे त्याहून कमी भरणारच. तो तुंबला की हवा कमी, पेट्रोल जास्त आणि अ‍ॅव्हरेज खाली. आजकालच्या पुष्कळ गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर येतो. त्याला हवा मारायची नसते, तो बदलायचा असतो. आपण मात्र त्याला पाइपाने जोरात हवा मारता, धुळीचा झकास लोट उडवता आणि तरी अ‍ॅव्हरेज येत नाही म्हटल्यावर मान हलवता, ‘पेट्रोलच भेसळीचं येतं भाऊ.’

१ एप्रिल २०२० पासून मात्र काळाने आपल्यावर अन्याय केला. बीएस-६चे प्रदूषण नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. त्याचा एक स्क्रू अर्धा आटा फिरवून निम्मे आजार बरे करण्याची विद्या पोरकी झाली. आता इंजेक्टर, सेन्सर आणि मीटरवर पिवळा दिवा. तो का पेटला हे बहुधा स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. यावरही आपण उपाय शोधलात: बॅटरीची वायर काढायची, पुन्हा लावायची. दिवा विझला की ‘झालं काम’. दिवा गावाची वेस ओलांडेपर्यंत विझलेला राहतो, ही आपली हमी.

तर मग जळगावला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात जा, असे आपण म्हणाल. जाऊन बघावे. तिथे थंडगार काचेची खोली आहे, कामांचा छापील तक्ता आहे, त्यावर सगळ्या बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या आहेत. ‘फ्री सर्व्हिसिंग’मध्ये मजुरी फुकट असते, ऑइल नसते, हे बिल हातात आल्यावर समजते. पण उस्ताद, तिथे बिल हातात येते! भांडायला निदान एक कागद असतो. आपल्याशी भांडायला पुरावा म्हणून फक्त काळे झालेले हात दाखवता येतात, आणि तेही आपलेच.

आता न्यायाने बोलायचे तर आम्हीही काही साधे नाही. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हा जाहिरात सांगत होती, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. गिऱ्हाईक ते इतके मनावर घेऊन बसले, की ऑइल बदलायचेही विसरले. साखळी कोरडी खडखडते, तेव्हा आम्ही गाण्याचा आवाज वाढवतो. आम्हाला ओरिजनल पार्ट हवा असतो, डुप्लिकेटच्या भावात. मजुरी विचारली तर आपण लाजून ‘द्या समजून’ म्हणता, आम्ही समजून निम्मे देतो, उरलेले आपण स्पेअर पार्टात समजून घेता. तुमची बारकी पोरे पेट्रोलच्या थाळ्यात नट-बोल्ट धूत आणि शिव्या खात हा हुन्नर शिकली. त्या हाताची किंमत उघड मागायची सोय आम्ही ठेवली नाही, म्हणून ती झाकून वसूल होते. चोरी दोघांची आहे. पान्हा फक्त एकाच्या हातात आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अगदी किरकोळ आहेत:

१) पान्हा लावण्याआधी काम आणि अंदाजे खर्च कागदावर लिहावा. मधेच काही नवीन निघाले तर फोन करावा.
२) काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून आमच्या हाती द्यावा. आम्ही तो भंगारात घालू नाहीतर देव्हाऱ्यात ठेवू.
३) नवा पार्ट व ऑइल आमच्यासमोर फोडावे, वेष्टनावरची छापील किंमत आम्ही वाचून घेऊ.
४) मजुरीचा फलक लावावा. सर्व्हिसिंग किती, चेन-चकली किती, कोनसेट किती. दर जास्त असला तरी चालेल, सगळ्यांना सारखा असावा.
५) जे काम येत नाही ते ‘येत नाही’ म्हणावे. हे एक वाक्य ऐकवणाऱ्या उस्तादाकडे आम्ही दहा गिऱ्हाइके पाठवू.
६) बिल द्यावे. वहीच्या पानावरचे, तारीख व सहीचे चालेल. मागूनही बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. धमकी नाही उस्ताद, नुसते सामान्यज्ञान.

यांतले चार मुद्दे जरी आपण पाळलेत, तरी ‘विश्वासाचे गॅरेज’ अशी पाटी रंगवण्याचा खर्च वाचेल.

कळावे, लोभ आहेच; हिशेबही असावा.

आपला,
नेहमीचा ग्राहक

प्रत माहितीसाठी : गावातील सर्व दुचाकीधारक.

ता. क. – दुचाकीधारकांनो, चांगला मिस्तरी कोण हे पानटपरीवर विचारत बसू नका. पहिल्यांदा मोठे काम देऊच नका. ऑइल बदलायला टाका, समोर उभे राहा, उरलेले ऑइल मागा आणि बिल मागा. जो न चिडता चारही गोष्टी करू देईल, त्याची मजुरी घासाघीस न करता मोजा. तेवढे तुम्ही केलेत, तर असे पत्र पुन्हा कोणाला लिहावे लागणार नाही.