कृपया अंक उघडावा

आमच्या इमारतीत दोन डॉक्टर, एक सीए आणि एक संपादक राहतात. पहिल्या तिघांकडे लोक आपण होऊन जातात. संपादकांना मात्र लोकांकडे जावं लागतं. ते जातात. जिन्यात गाठतात, लिफ्टमध्ये गाठतात, सकाळच्या फास्ट लोकलला दरवाजात लोंबकळणाऱ्या माणसालाही गाठतात आणि म्हणतात, "तुमचा ई-मेल सांगा बघू." लोंबकळणाऱ्या माणसाला नकोचा हात हलवायलाही हात मोकळा नसतो. डोंबिवली ते ठाणे या टापूत त्यांनी असे बरेच वाचक मिळवले.

पोटापाण्यासाठी ते एका विमा कंपनीत अधिकारी आहेत. संपादक ही पदवी सोसायटीने थोडी चेष्टेने दिली आणि त्यांनी ती पूर्ण गांभीर्याने घेतली. 2017 साली नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं, तेव्हा हे गृहस्थ स्वयंसेवकाचा बिल्ला लावून पाण्याच्या बाटल्या वाटत होते. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत सबस्टॅक सुरू झालं. या दोन घटनांचा काही संबंध नसावा, हे त्यांना आजही पटत नाही. पुढे यथावकाश दर रविवारी सकाळी सात वाजता त्यांचं न्यूजलेटर निघू लागलं.

पहिला अंक खरोखर चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते सांगायची संधी मिळणार नाही. मोठागावच्या रेतीबंदरावर त्यांनी लिहिलं होतं. उल्हासच्या खाडीतल्या होड्या, ओल्या रेतीच्या वजनाने काठापर्यंत पाण्यात बसलेल्या, आणि त्या रिकाम्या होताना फळीवरून डोक्यावर पाट्या घेऊन पळणारी माणसं. पक्षी, भरती-ओहोटी, सगळं जागच्या जागी. माणूस रविवारी पहाटे उठून तिथे जाऊन उभा राहिला होता, हे वाक्यावाक्यात कळत होतं.

तो अंक चाळीसेक जणांना गेला. त्यातल्या किती जणांनी उघडला, हा आकडा सोमवारी सकाळी त्यांना पडद्यावर दिसला, आणि माझ्या मते त्यांच्यातल्या लेखकाला घरघर लागली ती त्या क्षणापासून.

ज्यांना या विद्येची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अशा मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं, टिंबाएवढं एक चित्र दडवलेलं असतं. तुम्ही मेल उघडलात की ते चित्र पाठवणाऱ्याच्या बाजूच्या सर्व्हरवरून मागवलं जातं, आणि तिकडे नोंद होते: अमुक माणसाने अमुक वाजता अंक उघडला. जुन्या काळी मासिकाच्या संपादकाला फार तर इतकं कळायचं, की व्ही.पी. सोडवून घेतली की परत आली. आमच्या संपादकांना वरच्या मजल्यावरच्या काकूंनी अंक रविवारी रात्री पावणेअकराला उघडला आणि त्यातल्या एकाही दुव्याला बोट लावलं नाही, हेही कळतं. सोमवारी काकू खाली भाजी घ्यायला आल्या की ते म्हणतात, "काल उशीर केलात उघडायला." काकू बिचाऱ्या वयाच्या साठीत आपण नक्की काय उघडलं या विचाराने हादरतात.

आता सोसायटीत त्यांना चुकवण्याची रीत बदलली आहे. पूर्वी लोक 'वेळ नाही झाला' म्हणत. आता खोटं बोलायची सोय उरली नाही. त्यामुळे बरेच जण रविवारी सातच्या ठोक्याला मेल उघडतात, लगेच बंद करतात आणि दिवसभर उजळ माथ्याने फिरतात. संपादकांच्या तक्त्यावर त्यामुळे उघडण्याचं प्रमाण इतकं वाढलं की त्यांनी तो तक्ता फ्रेम करून बैठकीत लावला. वहिनींनी त्याला दसऱ्याला हारही घातला. वहिनींच्या विनोदबुद्धीबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून आदर आहे.

वाचक वाढवायचे तर समाजमाध्यमांवर असलं पाहिजे, हे कुठल्याशा ऑनलाइन वर्गात शिकून आल्यापासून संपादक सगळीकडे असतात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं मावतात, पण ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. म्हणून ते हळदीकुंकवाच्या दिवशी दाराशी उभे राहून, वाण घेऊन निघालेल्या प्रत्येक बाईच्या फोनमध्ये स्वतःचा नंबर साठवून घेत होते. एकीने तो 'न्यूज अंकल' या नावाने साठवला आणि तेच नाव कॉलनीत रुळलं. फॉरवर्डवर एका वेळी पाचाचं बंधन आल्याला बरीच वर्षं झाली. ते बंधन अफवांसाठी घातलं होतं, पण संपादक ते आपल्याविरुद्धचं कारस्थान मानतात.

लिंक्डइनवर त्यांची भाषाच निराळी होते. तिथे ते एका ओळीत एकच वाक्य लिहितात आणि मग एक ओळ मोकळी सोडतात. 'काल मी रिक्षात बसलो.' मोकळी ओळ. 'रिक्षावाल्याने मीटर टाकला नाही.' मोकळी ओळ. 'त्या दिवशी मला मूल्यनिर्धारण कळलं.' खाली लिंक नाही, कारण पोस्टमध्ये लिंक टाकली की ती कमी लोकांना दाखवली जाते असा त्या जगातला समज आहे. लिंक पहिल्या कमेंटमध्ये. इन्स्टाग्रामवर लिंक बायोमध्ये. एक्सवर लिंक दुसऱ्या ट्वीटमध्ये. एकूण काय, ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, ती नेहमी शेजारच्या खोलीत असते.

फेसबुकवर त्यांनी जे केलं ते मात्र मला आवडलं नाही, आणि तसं मी त्यांना बोललोही. कोणी लेखक, गायक, नट गेला की तासाभरात यांची श्रद्धांजली येते. 'माझी त्यांची एकदाच भेट झाली होती' हे ठरलेलं वाक्य, मग दोन परिच्छेद, मग 'अशाच आठवणींसाठी दर रविवारी...' आणि लिंक. मी म्हणालो, "अहो, माणूस अजून घरातून हलला नाही." ते म्हणाले, "उद्या शोधणार कोण?" यावर काय बोलायचं? सहा जानेवारीला, म्हणजे 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं त्या दिवशी, त्यांनी बाळशास्त्रींच्या चित्राशेजारी स्वतःचा फोटो लावून लिहिलं, 'सुरुवातीला त्यांनाही वाचक नव्हते.' बाळशास्त्रींना इन्स्टाग्रामही नव्हतं, हे कोणी तरी खाली लिहिलं, तर त्याला त्यांनी बदाम दिला.

डोंबिवलीच्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत गेल्या खेपेस त्यांनी नवा प्रयोग केला. झब्ब्याच्या पाठीवर क्यूआर कोड छापून घेतला. कल्पना अशी, की मागून येणाऱ्यांनी चालता चालता स्कॅन करावा. अडचण अशी झाली, की कोण स्कॅन करतंय हे बघायला ते वळले की कोड लोकांना दिसेना, आणि न वळावं तर लोक त्यांना दिसेनात. फडके रोडपर्यंत ते स्वतःभोवती फिरत गेले. मागच्या लेझीम पथकाला वाटलं, हा नवा पवित्रा आहे. दोन पोरींनी तो उचललाही. झब्ब्याच्या सुरकुत्यांमुळे कोड काही कोणाच्या फोनला वाचता आला नाही.

मग आला मगाचा बेत. मॉर्निंग ब्रू नावाच्या अमेरिकी न्यूजलेटरने, नवे वाचक आणून देणाऱ्यांना मग वगैरे भेटी देऊन आपला पसारा वाढवला होता. संपादकांनी पन्नास मग छापून आणले: 'पाच वाचक आणा, एक मग न्या.' पहिल्याच आठवड्यात आमच्या वॉचमनने चार मग नेले. तो गेटवर पार्सल घेऊन येणाऱ्या प्रत्येक पोराकडून ई-मेल लिहून घेत असे आणि त्याशिवाय आत सोडत नसे. पोरांना वाटायचं सोसायटीचा नियम आहे. अशा रीतीने मराठी साहित्याला बिहार, ओडिशा आणि आसाममधले वाचक एका दमात लाभले. 'आपण राज्याबाहेर पोहोचलो,' हा मथळा पुढच्या रविवारच्या अंकाला होता. बाकीचे मग वहिनींनी तुळशीची रोपं लावून वाटून टाकले.

पण सर्वांत निष्ठावान वाचक म्हणून संपादक ज्याचं नाव घ्यायचे, तो होता त्यांचा अमेरिकेतला भाचा. एडिसनमध्ये जन्मलेला, तिथेच वाढलेला. पहिल्या दिवसापासून एकही अंक त्याने न उघडता सोडला नव्हता. "सातासमुद्रापार राहून पोरगं मातीला विसरलं नाही," असं म्हणताना त्यांचा आवाज जड व्हायचा. गेल्या डिसेंबरात भाचा आला. मराठी समजतं, थोडं बोलतो, देवनागरी एक अक्षर येत नाही. आमच्या सीएच्या मुलाने, जो सॉफ्टवेअरमध्ये आहे, खुलासा केला: "काका, याच्याकडे आयफोन आहे. 2021 पासून ॲपलच्या मेलमध्ये खासगीपणा जपायची सोय आहे. ती चालू असली की ते चित्र ॲपलचा सर्व्हर आधीच उतरवून घेतो. माणसाने मेल बघितला नाही तरी उघडल्याची नोंद होते." संपादक क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे ॲपलचंही लक्ष आहे आपल्याकडे."

अशा माणसाला हरवता येत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत जीमेलने दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांवर नवे नियम लादले. संपादकांची यादी तेव्हा तीनशेच्या आसपास. तरी ते आठवडाभर कपाळाला हात लावून फिरत होते, आणि कोणी विचारलं की, "गूगलने कोंडी केलीय आमची," असं सांगताना त्या चिंतेत जो डौल होता, तो मी कुठल्याही निश्चिंत माणसात पाहिलेला नाही. गूगलचा आणि त्यांचा दावा जुना आहे. जीमेल त्यांचा अंक 'प्रमोशन्स'च्या कप्प्यात टाकतं, चादरींच्या सेलच्या आणि क्रेडिट कार्डांच्या शेजारी. गणपतीत घरोघरी दर्शनाला गेले की ते आरतीनंतर यजमानांचा फोन मागून घेतात, तो अंक बोटाने ओढून मुख्य कप्प्यात आणून ठेवतात आणि मगच प्रसादाला हात पुढे करतात. एका घरी ओढता ओढता त्यांना मुलीच्या लग्नासाठी आलेलं स्थळ दिसलं आणि त्यांनी तिथल्या तिथे त्याबद्दल मतही दिलं. त्या घरी यंदा त्यांना आमंत्रण नव्हतं.

या सगळ्यात लिहायचं कधी? अंक दर रविवारी निघतो, पण त्यात असतं काय? वर 'मित्रांना पाठवा' असं बटण, मध्ये गेल्या अंकाच्या आकड्यांचं वृत्त, खाली इतर न्यूजलेटरवाल्यांच्या शिफारशी. हे सगळे संपादक एकमेकांना शिफारशी देतात, आणि माझा संशय असा की एकमेकांचे वाचकही तेच आहेत. मधल्या जागेत कधी चार ओळी चुकून बऱ्या येतात. कल्याणच्या खाडीपुलावरून दिसणाऱ्या धुक्याबद्दल एकदा होत्या.

त्या चार ओळींबद्दल बोलणारा इमारतीत एकच माणूस: दुसऱ्या मजल्यावरचे नाना. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. नानांना पडद्यावर वाचवत नाही, म्हणून ते अंकाची प्रिंट काढतात आणि दोरीने बांधलेल्या फाइलला लावतात. रेतीबंदराचा लेख वाचून ते वर आले होते आणि म्हणाले होते, "होड्यांचं लिहिलंत, पण डुबी मारणाऱ्यांचं राहिलं. तळाशी बुडी मारून घमेल्याने रेती काढायचे ती माणसं. ड्रेजर आले आणि ती गेली कुठे, ते लिहा ना." संपादकांनी ते मनावर घेतलं नाही, कारण नाना त्यांच्या तक्त्यात नव्हतेच. शाई वाचावी म्हणून नानांनी मेलमधली चित्रं बंद करून ठेवलेली. चित्र उतरत नाही, तर नोंदही होत नाही. तक्त्यानुसार नानांनी आजवर एकही अंक उघडलेला नव्हता. 'निष्क्रिय वाचक' अशा यादीत त्यांचं नाव होतं आणि त्यांना अधूनमधून 'आम्हाला विसरलात का?' असा मेल जायचा. नाना त्यालाही उत्तर द्यायचे: 'नाही. डुबीवाल्यांचं काय झालं?'

गेल्या महिन्यात संपादकांनी शनिवारची संध्याकाळ विषयओळीच्या चाचण्यांत घालवली. कोणत्या मथळ्याला जास्त लोक उघडतील, प्रश्नचिन्ह बरं की फटाक्याचं चित्र. या गडबडीत मजकूर नसलेला, नुसता मथळ्यावरच्या बोधचिन्हाचा 'टेस्ट' नावाचा मेल अख्ख्या यादीला गेला. रविवारी दुपारपर्यंत त्यांच्या कारकिर्दीतली सर्वाधिक उघडण्याची नोंद झाली होती. उत्तरंही आली. 'अप्रतिम!' 'नेहमीप्रमाणे नेमकं, मोजक्या शब्दांत.' 'पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.' लिंक्डइनवरच्या एका सहसंपादकाने 'रिकाम्या जागेची ताकद' असं लिहून स्वतःच्या न्यूजलेटरची लिंक जोडली होती.

मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना नाना आले. हातात प्रिंट.

"संपादक, कोरा आलाय. मला वाटलं चित्रात काही असेल, म्हणून चित्रं दाखवा म्हटलं, तर नुसतं तुमचं बोधचिन्ह. कागद वाया गेला. या आठवड्याचा मजकूर कुठाय?"

संपादकांनी लॅपटॉप ओढला, यादीत नाव शोधलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"नाना! अहो, उघडलात! नऊ वाजून बारा मिनिटांनी! शेवटी उघडलात!"

"ते ठीक आहे. मजकूर?"

"मजकूर राहिला हो या खेपेस."

"मग पुढच्या रविवारी दोन पानी द्या," असं म्हणून नाना चहा न घेता गेले. संपादकांनी त्यांचं नाव निष्क्रिय यादीतून काढून नव्या वाचकांत टाकलं. दुपारी नानांना आपोआप मेल गेला: 'आमच्या परिवारात आपलं स्वागत! आपण आम्हाला कसे शोधलेत?' नानांनी त्याची प्रिंट काढली नाही.