गॅलरीतले मिरची-बागायतदार

पुण्या-ठाण्याच्या कुठल्याही सोसायटीत सकाळी साडेसहाला मान वर करून बघा. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या गॅलरीत बनियन-लेंगा घातलेले, साठीच्या अलीकडे-पलीकडे असलेले एक गृहस्थ कुंडीवर ओणवे झालेले दिसतील. तुळशीला पाणी घालत असतील असं समजू नका. ते खातं घरातल्या बाईंकडे. मोगरा, जास्वंद यांना ते मोजतच नाहीत, कारण ही मंडळी नुसती फुलतात. गृहस्थ मिरच्या मोजत असतात. काल सात होत्या, आज सहा आहेत, आणि सातवी कुणी तोडली याचा तपास चहाच्या आत लागलाच पाहिजे. बहुधा ती फोडणीत गेलेली असते. घरात उगवलेली मिरची घरातल्या फोडणीत जावी, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

कोथिंबिरीची जुडी घेतली की भाजीवाला चार मिरच्या वर टाकतो, पैसे घेत नाही. या फुकट वस्तूसाठी आपले बागायतदार ग्रोबॅग आणतात, कोकोपीटची वीट भिजत घालतात, गांडूळखताची पिशवी लिफ्टमधून वर नेताना शेजाऱ्यांच्या नाकाला सांभाळून घेतात. एका मिरचीला किती खर्च आला हे विचारू नये. विचारलंत तर 'विषमुक्त' हा शब्द येतो आणि तो आला की पाऊण तास जातो.

सुरुवात सगळ्यांची सारखीच. मसाल्याच्या डब्यातली सुकी लाल मिरची मोडायची, बिया श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. डब्याच्या बुडाला गॅसवर तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडायची आणि त्या वासाबद्दल घरात बोलणी खायची. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. त्या दिवशी गृहस्थांचा चेहरा नातवाचा दहावीचा निकाल लागल्यासारखा असतो. पुढे कळतं की बाजारातली बरीचशी मिरची संकरित वाणाची. तिच्या बियांतून पुन्हा तशीच मिरची येईल याची हमी नाही. इथून त्यांना 'वाण' हा शब्द लागतो. मग ते मिरची म्हणत नाहीत. ज्वाला म्हणतात, फुले ज्योती म्हणतात, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा उल्लेख आपण तिथे शिकलो असल्यासारखा करतात. ब्याडगी रंगाची, लवंगी जाळाची, खोल्याची मिरची काणकोणची, भिवापुरी नागपूरकडची, अशी सगळी वंशावळ त्यांना पाठ असते. स्वतःच्या चुलतभावांची मुलं मात्र ओळखू येत नाहीत.

वाण कळले की माणसाला आकडे कळू लागतात, आणि बिघाड तिथून होतो. विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधतज्ज्ञाने 1912 मध्ये तिखटपणा मोजायची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि चाखणाऱ्यांची जीभ भाजेनाशी झाली की थांबायचं. ढोबळी मिरचीला या परीक्षेत शून्य. आपली ईशान्येची भूत जोलकिया 2007 मध्ये दहा लाखांच्या वर जाऊन गिनीज बुकात बसली. 2013 मध्ये कॅरोलिना रीपरने तो मान पटकावला आणि 2023 मध्ये पेपर एक्स सरासरी 26 लाख 93 हजारांवर पोचली. हे आकडे एकदा वाचनात आले की ज्वाला त्यांना गोड वाटायला लागते. मग कुरियरने एक पाकीट येतं. त्यावर कवटीचं चित्र, आणि आत दहा बिया. पेपर एक्स जाहीर करतानाच तिच्या निर्मात्याने बी बाहेर देणार नाही असं सांगितलं होतं. ते बी यांना टपालखर्चासह दोनशे रुपयांत मिळालेलं असतं. त्यातून चार महिन्यांनी जे येतं, ते बघून मोलकरीणसुद्धा म्हणते, "काका, ही तर भजीची मिरची."

खरी भूत जोलकिया मिळाली तरी प्रश्न सुटत नाही. तिचं बी महिना महिना मातीत स्वस्थ बसतं. आलीच, तर एक मिरची सबंध सोसायटीच्या गणपतीच्या महाप्रसादाला पुरेल. यांच्या झाडाला लागतात वीस.

आता ढोबळी. या जमातीचा सगळा अपमान ढोबळी मिरचीच्या हातून होतो. तिखट मिरची कशीही येते. पाणी थोडं कमी पडलं तर उलट जास्त तिखट होते, रागीट माणसाला उपास घडावा तशी गत. ढोबळीला थंडी लागते. एप्रिलमध्ये पारा पस्तीसच्या पुढे गेला की ती एकेक फूल शांतपणे खाली टाकते. गृहस्थ फुलं गोळा करून बशीत ठेवतात, भेटीला येणाऱ्यांना दाखवतात. शेतकरी तिच्यासाठी पॉलिहाऊस बांधतात ते हौस म्हणून नव्हे, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. थंडीत एखादी धरतेच. हिरवी असताना तोडू देत नाहीत, कारण ही लालची जात आहे आणि लाल व्हायला आणखी तीन-चार आठवडे लागतात. हिरवी, पिवळी, लाल या तीन वेगळ्या भाज्या नसून हिरवी म्हणजे कच्ची, हे त्यांनी दरम्यान सगळ्या मजल्यांना समजावलेलं असतं. मग एका सकाळी खार येते.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींशी त्यांचा जुना वाद आहे. "भावजी, तुमच्या त्या भुताच्या शेजारामुळे माझी ढोबळी तिखट झाली," असं वहिनींचं म्हणणं. या एका वादात मी गृहस्थांच्या बाजूने उभा आहे. परागकण भुताचे आले तरी या वर्षीच्या फळाचा गर आईच्याच वळणाचा असतो. फरक पडलाच तर त्या फळातलं बी पुढच्या वर्षी लावल्यावर. ते हे वहिनींना आकृती काढून सांगतात, तीही दुधाच्या बिलाच्या पाठीमागे. वहिनींचा मूळ मुद्दा मात्र वरून टपकणाऱ्या पाण्याचा आणि खाली वाळत घातलेल्या पापडांचा असतो. त्यावर आकृती निघत नाही.

ज्ञान साचलं की ते सांडणारच. वडापावच्या गाडीवर शेजारचा माणूस तळलेल्या मिरचीतल्या बिया झटकताना दिसला की गृहस्थांना राहवत नाही. "बियांत नसतं हो तिखट! बी ज्या पांढऱ्या गराला चिकटलेलं असतं ना, त्यात. बी बिचारं शेजाराने बदनाम." डोळ्यांत पाणी आलेला तो माणूस पाणी मागतो, तर हे म्हणतात, पाण्याने काही व्हायचं नाही, ताक प्या. बरोबरच सांगतात, पण वडापावच्या गाडीवर ताक कुठलं? लग्नाच्या पंगतीत विषय इतिहासाकडे वळतो. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात उतरवली; त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. "म्हणजे बघा, मुक्ताबाईंनी माऊलींच्या पाठीवर मांडे भाजले, तेव्हा बरोबर ठेचा नव्हता!" यावर त्यांच्या सौभाग्यवती, "मग खाल्ले असतील गपगुमान," एवढंच म्हणून जिलबी वाढून घेतात.

बुलबुल मिरच्या खाऊन जातो तेव्हा दुसरा कुणी हुसकावेल. हे कौतुकाने बघत राहतात. मिरचीचा जाळ सस्तन प्राण्यांना लागतो, पक्ष्यांना लागत नाही. बी अखंड पोटातून जातं आणि लांब कुठेतरी रुजतं. तो जाळ ओळखणारा संवेदक मिरचीतल्याच द्रव्याच्या मदतीने शोधला म्हणून डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. बुलबुल उडून जाईपर्यंत हे सगळं सांगून होतं. खारीला नोबेलची सवलत नाही.

त्यांचं तोंड उतरलेलं दिसलं की समजावं, बोकड्या आला. पानं चुरडतात, शेंडा आखडतो, झाड खुजं राहतं. एक पान शर्टाच्या खिशात घालून ते भाजीवाल्यापासून केमिस्टपर्यंत सगळ्यांना दाखवत हिंडतात. कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी. पण खिशात चुरगळलेलं पान दोन्हीकडे वळलेलं असतं. मग निंबोळी अर्क, आंबट ताक, हिंगाचं पाणी, साबणाचं पाणी अशा पाळ्या लागतात आणि त्या आठवड्यात गॅलरीत वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. शेवटी त्यांच्या मातोश्री उठतात, "नजर लागली रे झाडाला," म्हणतात, आणि मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन मिरचीच्या झाडाची दृष्ट काढतात. मिरच्या अर्थात बाजारातल्या. झाडावरच्या तोडायची त्यांचीही प्राज्ञा नाही.

तरीही एक दिवस तोडणी होते. संध्याकाळी बेल वाजते, दारात गृहस्थ, हातात स्टीलची वाटी, वाटीत पाच मिरच्या. "घरच्या आहेत." पाच मिरच्या चालून जातात, वाटी जड जाते. रिकामं भांडं परत करायचं नाही अशी आपल्याकडे रीत, त्यामुळे त्या वाटीतून लाडू जातात, शंकरपाळे जातात, एकदा तर आम्रखंड गेलं. व्यवहारात तोटा कुणाचा हे सांगायला नको.

ते स्वतः मात्र दहीभात खातात. पित्त आहे, डॉक्टरांनी तिखट बंद करून कैक वर्षं झाली. वाटीतल्या मिरच्या ते वाटतात त्या यासाठीच. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून "कशी होती? चढली का?" विचारतात, आणि आपण "बाप रे" म्हटलं की त्यांना तो ठेचा स्वतः खाल्ल्याचं समाधान मिळतं. म्हणून "बाप रे" म्हणावं; मिरची पानचट असली तरी.

माझं मत विचाराल तर घरी लावायची मिरची म्हणजे ज्वाला. दहा-बारा इंचांची कुंडी, निदान सहा तास ऊन, बुडाला पाणी साचू द्यायचं नाही. मेअखेरीस बी टाकलं तर महिना-सव्वा महिन्याने रोप कुंडीत जातं, आणि नीट छाटणी ठेवली तर तेच झाड पुढच्या वर्षीही मिरच्या देतं. भूत आणि त्याचं गणगोत आसामात सुखी असू दे. ढोबळी बाजारातून आणा. रोप मागायला मात्र नर्सरीत जाऊ नका, वरच्या मजल्यावर जा. ते पैसे घेत नाहीत, वर मूठभर गांडूळखतही देतात. फक्त घरी गॅसवर काही ठेवून जाऊ नका.