भावी पिढी, तिसरा बाक

शाश्वत विकास हा भूगोलातला सर्वांत सोपा घटक, असे मुलांचे ठाम मत आहे. समभार रेषा ऐन वेळी दगा देतात, पठार आणि मैदान यांत घोळ होतो. पण ‘उपाय सुचवा’ म्हटले की पेन थांबत नाही. झाडे लावावीत, पाणी जपून वापरावे, जनजागृती करावी. जनजागृती तर पूर, दुष्काळ, वणवा, कशालाही चालते. मी आजवर तपासलेल्या उत्तरपत्रिकांतली जनजागृती खरोखर झाली असती, तर देशात कुणाला झोप म्हणून लागली नसती.

व्याख्येची गंमत आणखी वेगळी. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या आयोगाने १९८७ साली सांगितले, की आजच्या गरजा अशा भागवा, की भावी पिढ्यांनाही त्यांच्या भागवता येतील. त्यातली एक भावी पिढी एव्हाना जन्माला येऊन, तिसऱ्या बाकावर बसून, तीच व्याख्या दोन गुणांसाठी घोकते आहे. हे सगळे दुसऱ्याच कुणाबद्दल चालले आहे, अशी तिची समजूत.

१९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचे करायला सांगितले. वेळापत्रकात तास आला. विषय श्रेणीचा, त्यामुळे परीक्षा जवळ आली की तो गणिताचे सर मागून नेतात. प्रकल्प मात्र वेळेवर येतात. दुकानातल्या ‘प्रदूषण’ तक्त्यावरची चित्रे कापून प्लॅस्टिकच्या फाइलीत, आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ची प्रतिकृती थर्माकोलची. पालकांनी रात्र जागून केलेली, म्हणून ती टाकवत नाही. आणि टाकली तरी नष्ट होत नाही. टिकाऊपणा म्हणाल तर तो इथे आहे.

दहावीच्या पुस्तकात भारताच्या जोडीला ब्राझील आहे. त्यामुळे ॲमेझॉनचे जंगल का घटते, हे आमच्या मुंबईकर मुलांना मुद्देसूद सांगता येते. शाळेच्या नळाला पाणी कुठून येते, असे विचारले तर उत्तर येते, “गच्चीवरच्या टाकीतून, सर.”

म्हणून एकदा फळ्यावर नकाशा लावला आणि नळापासून तलावापर्यंत रेघ ओढायला सांगितली. तुळशी आणि विहार हे घरचेच. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा शहराबाहेरचे. रेघ मुलुंड ओलांडून शहापूर तालुक्यात शिरली. तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, हेही शेजारी लिहायला लावले. वर्ग उसळला. “सर, धरण त्यांच्याकडे, मग टँकरपण त्यांच्याकडेच कसा?” मी पावसाचे चार महिने सांगितले, तीव्र उतार सांगितला, पाणी फारसे मुरू न देणारा बेसाल्टचा कातळ सांगितला. मागून एक मुलगी म्हणाली, “हे दगडाचं झालं, सर. पाइप कुणी टाकला?” भूगोलाचा तास बघता बघता राज्यशास्त्रात गेला. घंटा झाली म्हणून मी वाचलो.

चाचणीत पाणीटंचाईवर उपाय सुचवायचा होता. तिने लिहिले, ‘धरणाजवळच्यांना आधी द्यावे, मग आम्हाला.’ आदर्श उत्तरात हे नव्हते. तिच्या उत्तरात जनजागृती नव्हती. मी पूर्ण गुण दिले.

तेव्हापासून मला वाटते, की भूगोलाने उपदेशाचे काम इतरांवर सोपवावे आणि आपण रेघा ओढाव्यात. उपदेशाला मुले मान डोलावतात; रेघ दिसली की तिच्या पलीकडच्या टोकाला कोण राहते, ते विचारतात.

यंदाची रेघ कचऱ्याच्या डब्यापासून कचराभूमीपर्यंत जाणार आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची, म्हणजे त्या व्याख्येहून साठ वर्षांनी वडील. तेव्हा सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मुख्याध्यापकांनी उपक्रमाला मनापासून पाठिंबा दिला. फक्त रेघ आपल्या कँटीनच्या मागच्या दारापासून सुरू होणार नाही ना, एवढे त्यांनी दोनदा विचारून घेतले.