स्थानिक परिस्थिती

काही माणसं कुत्रा पाळतात, काही पाळत नाहीत. मिनेसोटातले आमचे शेजारी तिसऱ्या प्रकारातले. ते कुत्रा निवडतात. आमची मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा ते निवडत होते, ती गाडी चालवायला शिकली तेव्हाही निवडतच होते. आमच्या घरात त्यांचं नाव श्वानकाका पडलं आहे. सबंध नोकरी त्यांनी विमा कंपनीत जोखीम मोजण्यात काढली, त्यामुळे धोका न पत्करण्याची सवय हाडात मुरलेली.

बरं, साधा कुत्रा नको. पाखरांच्या शिकारीचा हवा. यांच्यात घराणी असतात. पाखराचा वास आला की एक पाय उचलून जागच्या जागी थिजणारी पॉइंटर-सेटर मंडळी एकीकडे, झुडपात घुसून पाखरू उडवून देणारे स्प्रिंगर स्पॅनियल दुसरीकडे, आणि पडलेलं पाखरू दात न लावता आणून हातात देणारे लॅब्राडोर तिसरीकडे. सदाशिव पेठेत वाढलेल्या माझ्यासारख्याला कुत्रा म्हणजे रात्री स्कूटरमागे लागणारं प्रकरण. मी एकदा भाबडेपणाने म्हणालो, "मग यातला कुठलाही एक घ्या की!" काकांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "असं कसं? आधी स्थानिक परिस्थिती बघायला हवी."

स्थानिक परिस्थिती म्हणजे काय, हे त्यानंतर मी कित्येक शनिवार त्यांच्या गॅरेजमध्ये उभा राहून ऐकलं. उत्तर मिनेसोटात ॲस्पेनचं दाट रान. तिथे ग्राउज नावाचं कोंबडीएवढं पाखरू. हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो, तेव्हा झाडांवर पानं असतात आणि वीस पावलांवरचा कुत्रा दिसत नाही. म्हणून त्याच्या गळ्यात घंटा बांधतात. घंटा वाजतेय तोवर निवांत चालायचं. ती थांबली की कुत्र्याला पाखरू सापडलं, आता तुम्ही कुत्र्याला शोधायचं! दक्षिणेकडे गेलं की उभा मका, गवत आणि पाणकणसांच्या दलदली. तिथे फेझंट. हा पक्षी मूळचा चीनचा. 1881 साली ओवेन डेनी या अमेरिकी वकिलाने तो शांघायहून ऑरेगनला धाडला आणि तो इथलाच होऊन बसला. आमच्यासारखाच आशियातून आलेला, फक्त व्हिसाच्या रांगेत उभा न राहता. पण इमानी नाही. कुत्रा त्याच्यासमोर थिजून उभा राहिला की हा न उडता पायी पळ काढतो आणि कुत्रा रिकाम्या गवताकडे एकाग्रतेने बघत राहतो. शिवाय मारायचा तो फक्त नर, सुरुवातीच्या हंगामात दिवसाला दोन. मादीवर बंदूक झाडली तर गुन्हा.

या परिस्थितीत एकही जात टिकली नाही.

सेटर दिसायला राजबिंडा, पण त्या झुबकेदार केसांत रानातले सगळे काटे घरी येतात. ब्रिटनी आटोपशीर, माणसाच्या जवळपास राहून काम करणारा, रानात उत्तम. पण बदकांसाठी नोव्हेंबरच्या तळ्यात त्याला उतरवायचं? जर्मन शॉर्टहेअर सगळं करतो, पण अंगावर केस नावापुरते, बर्फाळ पाण्यात कुडकुडणार. लॅब्राडोर सगळ्यांकडेच असतो. एवढ्याच कारणावरून तो बाद झाला.

उरला जर्मन वायरहेअर. राठ, जाड केसांचा. रान, गवत, पाणी, सगळीकडे चालावा म्हणूनच जर्मनांनी तो घडवलेला. मी म्हटलं, सुटलो! काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सगळंच येत असेल तर मग निवडायचं काय?"

तरीही पैदास करणाऱ्यांशी पत्रव्यवहार चालूच. एकाने पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे पाठवले. ते खिडकीच्या उजेडात धरून काकांनी मलाही मत विचारलं. माझ्या लग्नात मुलीकडच्यांनी पगार आणि पत्रिका यापलीकडे काही तपासलं नव्हतं. मी म्हणालो, "वडील बरे वाटतात." गॅरेजमध्ये शिट्टी, घंटा, लांब दोरी, नारिंगी पट्टा सगळं सज्ज होतं. प्रवासाचा पिंजराही होता, त्यात कुत्र्यांची पुस्तकं. काकू म्हणायच्या, "कुठलाही आण. मांजर आण. पण काहीतरी आण."

शेवटी न निवडताच आला. जॉर्जियातला मेहुणा फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि आपली इंग्लिश पॉइंटर कुत्री यांच्या दारात सोडून गेला. जी जात काकांनी पहिल्याच फेरीत निकालात काढली होती, नेमकी तीच. दक्षिणेतल्या मोकळ्या माळावर लाव्यांमागे सुसाट सुटावी, यासाठीच ही जात तिकडे जोपासली गेली. 1896 पासून या कुत्र्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरते, अनेक दशकं ती टेनेसीत ग्रँड जंक्शनला भरत आली आहे. तिथे कुत्रा तीन तास धावतो आणि परीक्षक घोड्यावर बसून मागे जातात. काकांकडे घोडा नाही, आणि त्यांच्या गुडघ्यांची स्थानिक परिस्थिती तर सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी कुत्री मक्यापलीकडे नाहीशी झाली आणि पट्ट्यातल्या जीपीएसवरून कळलं की ती शेजारच्या तालुक्यात पाखरू धरून उभी आहे.

मला वाटलं, परत पाठवतील. पण काकांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. जेवणाच्या टेबलावर आता अमेरिकेचा नकाशा पसरला आहे. कुत्री ठरली, तिला साजेसं राज्य निवडणं चालू आहे. साउथ डकोटात माळ मोकळे, पण हिवाळा इथल्यासारखाच. कॅन्ससमध्ये लावे आणि फेझंट दोन्ही, पण तिथे काकूंची थोरली बहीण राहते. टेक्सास बरं वाटतंय, फक्त रॅटलस्नेकचा विचार व्हायला हवा.

"तुझा चुलतभाऊ तिकडे प्लेनोत असतो ना?" परवा त्यांनी विचारलं. "त्याच्या भागात लावे कितपत आहेत, जरा चौकशी कर."

मी केली. चुलतभाऊ म्हणाला, "आमची सोसायटी दाराला निळा रंग लावू देत नाही, लावे कुठले पाळते!"